लिंबू, साडी आणि किल्ली : लोकप्रिय गोष्टींची डिजिटल मोडतोड

रेघोट्या
नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीत आमच्याकडे बारा-पंधरा माणसे जमली होती. फराळ झाला, पत्तेही कुटून झाले आणि मग मुलांनी आपापले मोबाइल बाहेर काढले. तेव्हा मी त्यांना एक खेळ सुचवला. प्रत्येकाने एक मराठी चित्रपट मनात धरायचा आणि तो चार साध्या चिन्हांत सांगायचा. रस्त्यावरच्या फलकांवर असतात तशी एका रंगातली, सपाट चिन्हे काढायची; अक्षर एकही वापरायचे नाही, नटाचा चेहरा तर नाहीच नाही. बाकीच्यांनी चित्रपट ओळखायचा.

हा खेळ माझा नाही. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात फ्रेडरिक्सबर्ग येथे मेरी वॉशिंग्टन विद्यापीठ आहे. तेथे जिम ग्रूम या शिक्षकाने २०१० साली संगणकशास्त्राच्या १०६ क्रमांकाच्या विषयाचा पार कायापालट केला, आणि पुढच्या वर्षी तो वर्ग जगातल्या कोणालाही मोकळा केला. 'डीएस १०६' (डीएस म्हणजे डिजिटल स्टोरीटेलिंग, संगणकाच्या साधनांनी गोष्ट सांगणे) या नावाने तो ओळखला जातो. त्याची मला सर्वांत आवडलेली बाजू म्हणजे तिथला गृहपाठ विद्यार्थीच सुचवतात. कोणीतरी एक उद्योग मांडतो, दुसरे तो करून पाहतात, आणि आवडला तर तो सामाईक साठ्यात राहतो. चार चिन्हांचा खेळ त्याच साठ्यातला. याखेरीज जानेवारी २०१२ पासून तिथे रोज एक छोटी कामगिरी दिली जाऊ लागली. ती पंधरा-वीस मिनिटांत उरकावी अशी अपेक्षा असते, त्यामुळे माझ्यासारख्या नोकरदार आळशालाही ती झेपते.

तर दिवाळीची गोष्ट. माझ्या वडिलांनी आणि दहावीतल्या भाचीने योगायोगाने एकच चित्रपट निवडला, 'अशी ही बनवाबनवी' (१९८८). वडिलांनी पहिल्या घरात किल्ली काढली, दुसऱ्यात लग्नाचे बाशिंग, तिसऱ्यात मिशी आणि चौथ्यात साडी. कथेच्या दृष्टीने त्यात बोट ठेवायला जागा नव्हती : घर हवे आहे, घरमालकिणीला विवाहित जोडपीच हवी आहेत, म्हणून मिशीवाल्यांनी साडी नेसली. तरीही ओळखायला आम्हाला तीन-चार मिनिटे लागली. भाचीने पहिल्या घरात नुसते एक लिंबू काढले आणि तिचा हात दुसऱ्या घराकडे जाण्याआधीच सगळे घर एका आवाजात ओरडले. दुसऱ्या घरात ती औषधाची बाटली काढणार होती, असे तिने नंतर सांगितले.

तेव्हापासून एकच गोष्ट माझ्या डोक्यात घोळते आहे. वडिलांनी चित्रपटाची गोष्ट काढली होती, भाचीने लोकांच्या तोंडी उरलेला चित्रपट काढला. लिंबाचा कथेशी काडीचाही संबंध नाही. साडीचा रंग सांगताना आलेला तो एक शब्द आहे. भाचीचा जन्म त्या चित्रपटानंतर वीसेक वर्षांनी झाला, आणि सबंध चित्रपट तिने सलग पाहिलाच नव्हता, हे तिने मागाहून कबूल केले. लोकप्रिय म्हणजे नेमके काय, यावरचा एखादा परिसंवाद मला जे शिकवू शकला नसता, ते या लिंबाने शिकवले.

आपण येथे अशा उद्योगांसाठी एक कायमचा धागा चालवावा, असा माझा प्रस्ताव आहे. सामग्री शक्यतो मराठी असावी, आणि काय केले याबरोबर कुठे अडले हेही लिहावे.

पाटीपेन्सिल
प्रस्तावाला अनुमोदन. प्रश्न मात्र साधा आहे : ही चिन्हे काढायची कशात? मी चिन्हांच्या तयार संग्रहांत शोधाशोध केली. तिथे पिझ्झ्याच्या तुकड्याची पन्नास चिन्हे मिळाली; पाटा-वरवंटा, मुंडावळ्या किंवा नऊवारी लुगडे यांपैकी काहीही मिळाले नाही. साडी म्हणून जे मिळाले ते उत्तरेकडच्या पद्धतीने पदर घेतलेल्या बाईचे होते.

रेघोट्या
पाटीपेन्सिल, हे अगदी खरे आहे, आणि तिथेच खरी मजा सुरू होते. मी इंकस्केप हा चित्रे काढण्याचा प्रोग्राम वापरतो. ते फुकट आहे, आणि त्यात काढलेली आकृती कितीही मोठी केली तरी कडा फाटत नाहीत. नऊवारी काढायला मला दोन संध्याकाळी लागल्या. प्रथम मी काठ, पदर, निऱ्या असे सगळे दाखवायला गेलो आणि त्याचा बोजवारा उडाला, कारण बोटाच्या नखाएवढ्या आकारात ते चित्र बटाट्याच्या पोत्यासारखे दिसू लागले. मग आईला विचारले की लांबून, पाठीमागून नऊवारी कशावरून ओळखतेस. ती म्हणाली, "काष्ट्यावरून, दुसरे काय!" काष्टा आणि दोन पोटऱ्या एवढेच ठेवले, बाकी सगळे पुसले, आणि चिन्ह उभे राहिले.

मोबाइलवर काढणाऱ्यांनी सरळ कागदावर जाड मार्करने काढून फोटो घ्यावा, आणि तो संपादनात पूर्ण काळा-पांढरा करावा. काम तेवढेच चांगले होते.

शंकेखोर
धागा रंजक आहे, पण माझी शंका मांडतो. लोकप्रिय चित्रपटाचे तुकडे घेऊन त्यांची थट्टा करणे हे आज प्रत्येक शाळकरी पोर दिवसातून दहा वेळा करते, आणि त्याला मीम म्हणतात. अमेरिकेतल्या विद्यापीठाचे नाव जोडल्याने त्याला प्रतिष्ठा येते, एवढाच फरक मला दिसतो. शिवाय दुसऱ्याच्या पिठावर रेघोट्या ओढण्यात निर्मिती ती कोणती? (धागाकर्त्याच्या नावावर कोटी करण्याचा हेतू नाही.)

मुक्तछंदा
शंकेखोर, कोटी झालीच आहे, आता माघार घेऊ नये.

आपला आक्षेप नवा नाही, आणि त्याचे उत्तर आपल्याकडे फार आधीपासून आहे. अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले' लिहिली, तीही दुसऱ्यांच्या पिठावरचीच होती. परंतु विडंबन करायचे तर मूळ कवितेचे वृत्त, यमकांची ठेवण, कवीच्या लाडक्या शब्दांची लकब हे सारे मूळ कवीइतकेच हातात असावे लागते. एक मात्रा घसरली तर हसू विडंबनकाराचेच होते. संगीत नाटकांच्या जुन्या पुस्तकांतही पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून आधीच्या कोणत्या तरी पदाचे नाव छापलेले असे. कोणाची चाल उचलली हे लपवण्याची कोणाला गरज वाटत नव्हती.

मीम आणि हे उद्योग यांतला फरक मला नियमांत दिसतो. मीमकर्त्याला तयार साचा मिळतो आणि तो त्यात शब्द भरतो. येथे साचा नाही, फक्त अट आहे : चारच चिन्हे, अक्षर नाही. अट जितकी आखडती तितके मूळ कृतीकडे निरखून पाहावे लागते. आपण एकदा स्वतः करून पाहावे आणि मग पुन्हा आक्षेप घ्यावा; तेव्हा मी तो अधिक गांभीर्याने घेईन.

जुना_कॅमेरा
मी मूकपटांच्या वाटेने गेलो. त्याच साठ्यात एक उद्योग आहे : आजच्या बोलपटाची जाहिरातफीत घ्यायची, तिचा रंग आणि आवाज काढून टाकायचा, मधे मधे अक्षरांच्या पाट्या घालायच्या आणि तिचा मूकपट करायचा. मी एका गाजलेल्या मराठी विनोदी चित्रपटाचे अडीच मिनिटांचे दृश्य घेतले आणि तोंडावर आपटलो. आपले विनोदी चित्रपट शब्दांवर चालतात. संवाद पाट्यांवर लिहिले तेव्हा अडीच मिनिटांत एकोणीस पाट्या झाल्या, आणि पाहणाऱ्याला माणसे दिसेनातच. एक पाटी मोठ्याने, सावकाश दोनदा वाचून होईपर्यंत पडद्यावर राहावी, असा मी ठोकताळा ठेवला होता. त्या हिशेबाने नुसत्या पाट्याच दीड मिनिट खात होत्या. मग एकेक पाटी काढत गेलो आणि शेवटी चार उरल्या. पंधरा पाट्या काढूनही दृश्य कळत होते, कारण लक्ष्मीकांत बेर्डे यांचे खांदे, मान आणि भुवया सगळे सांगत होत्या. शब्द चालू असताना हे माझ्या कधी लक्षातच आले नव्हते.

त्यानंतर मी उलटा प्रवास केला, आणि तो अधिक फळला. दादासाहेब फाळके यांच्या 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटाचा बराच भाग आजही उपलब्ध आहे. त्यात कृष्णाचे काम त्यांची लहान मुलगी मंदाकिनी हिने केले आहे. कथा सुरू होण्यापूर्वी ती मुलगी कॅमेऱ्यासमोर बसून एकामागून एक भाव करून दाखवते, आणि मग तिचाच कृष्ण होतो. म्हणजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी फाळक्यांनी भावचिन्हांचा एक संपूर्ण संच चित्रित करून ठेवला आहे! मी त्यातला एकेक भाव कापून हलती चित्रे, म्हणजे जिफ, तयार केली. आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप गटावर आता कोणी उशिरा येणार असे कळवले की मंदाकिनीची नाराजी जाते.

तांत्रिक अडचण सांगतो. जिफ हा प्रकार १९८७ सालचा आहे आणि त्यात एका चित्रात २५६ पेक्षा अधिक रंग मावत नाहीत. कृष्णधवल चित्रपटाला त्याची झळ बसणार नाही, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात जुन्या फिल्मवरचे ओरखडे आणि कण प्रत्येक चौकटीत निराळे असतात. त्यामुळे कोणताच भाग स्थिर राहत नाही आणि फाइल अवाढव्य होते. तीन सेकंदांचे चित्र अकरा एमबी झाले. मी सेकंदाला दहाच चौकटी ठेवल्या, करड्याच्या सोळाच छटा ठेवल्या, कण थोडे पुसले, तेव्हा ते दीड एमबीवर आले. मात्र कण फार पुसू नयेत. चेहरा मेणाचा दिसू लागतो आणि सगळी जान जाते. दुसरी अडचण सांध्याची. चित्र पुन्हा पहिल्या चौकटीवर येताना हिसका बसतो. तो टाळण्यासाठी जिथे डोळे मिटलेले आहेत तिथेच मी काप घेतला. पापणी मिटताना सुरुवात आणि पापणी मिटतानाच शेवट, म्हणजे सांधा दिसत नाही.

पाटीपेन्सिल
जुना_कॅमेरा, पापणीची युक्ती मी वहीत लिहून ठेवली आहे.

पाट्यांवरून आठवले. मराठी अक्षरे चित्रावर चढवताना माझा कायम घोळ होतो. एका जुन्या चित्रसंपादकात 'किल्ली' लिहिले की वेलांटी क च्या पुढे जाऊन बसते आणि ल्ल चे दोन तुकडे होतात. तो शब्द वाचून माझ्या नवऱ्याला वाटले की मी तेलुगू शिकते आहे.

रेघोट्या
बऱ्याच संपादकांत अक्षरे जुळवणारी यंत्रणा निवडावी लागते. सेटिंगमध्ये अक्षरांच्या विभागात आशियाई किंवा जागतिक लिप्यांचा पर्याय असतो. तो निवडून कार्यक्रम बंद करून पुन्हा उघडावा. जिम्प या फुकट चित्रसंपादकाच्या अलीकडच्या आवृत्त्यांत हा त्रास सहसा होत नाही. फाँट युनिकोडचाच घ्यावा. मुंबईच्या 'एक टाइप'ने केलेला 'मुक्ता' मुक्त परवान्यावर मिळतो आणि छोट्या आकारातही स्वच्छ वाचता येतो.

मुक्तछंदा
आता माझा अनुभव, आणि हा थोडा कडू आहे. त्या साठ्यात खोट्या अवतरणांचा एक उद्योग आहे : चित्र एकाचे, वाक्य दुसऱ्याचे आणि खाली नाव तिसऱ्याचे. मी पहिला प्रयत्न केला तो असा : चित्र न्यूटनचे, वाक्य 'दुपारी १ ते ४ दुकान बंद राहील', आणि खाली नाव गॅलिलिओ. सगळे हसले, विषय संपला.

दुसऱ्या प्रयत्नात मी हुशारी केली. पु. ल. देशपांडे यांचे चित्र घेतले, शेजारणीने गच्चीवर पापड वाळवताना म्हटलेले एक खरोखर सुंदर वाक्य त्यावर टाकले आणि खाली नाव दिले एका पाश्चात्त्य तत्त्ववेत्त्याचे. ते चारच मैत्रिणींना पाठवले होते. तीन आठवड्यांनी ते आमच्या सोसायटीच्या गटावर सुप्रभात म्हणून परत आले. कोणीतरी खालचे नाव कापून टाकले होते. आता चित्र पुलंचे होते, वाक्य चांगले होते, आणि त्याखाली सदतीस जण हात जोडून उभे होते. मी खुलासा लिहिला, तर एका काकांनी मलाच सुनावले की थोर माणसांच्या शब्दांवर शंका घेऊ नये. ज्यांच्या गच्चीवर ते वाक्य जन्मले त्या बाई त्याच गटावर आहेत. त्यांनीही हात जोडले होते.

पुलंच्या आणि वपुंच्या नावावर दुसऱ्यांचे लिखाण किती फिरते हे आपल्याला ठाऊक आहे. त्यात एकाची भर मी घातली. माझी चूक नंतर ध्यानात आली. न्यूटनच्या चित्रात तिन्ही गोष्टी एकमेकींशी उघडउघड भांडत होत्या, म्हणून ती थट्टाच राहिली. पुलंचे चित्र आणि ते वाक्य एकमेकांना शोभत होते. थट्टा फक्त खालच्या नावात होती, आणि ते नाव कात्रीच्या एका फटक्यात गेले. तेव्हापासून मी तिन्ही गोष्टी एकमेकींत घुसवून ठेवते. नाव चेहऱ्यावरच आडवे लिहिते, म्हणजे कापायचे तर नाकही कापावे लागेल.

शंकेखोर
मुक्तछंदाताई, हा अनुभव वाचून माझा आक्षेप बळकट झाला की दुबळा झाला, ते मलाच कळेनासे झाले आहे. त्या काकांना मी ओळखत असावा, असा संशय येतो.

कलम_बावन्न
मी वकिली करतो, म्हणून कायद्याचे थोडे. हा सल्ला नव्हे, चर्चेपुरती माहिती समजावी. भारतात १९५७ चा प्रताधिकार कायदा लागू आहे. चित्रपट ज्या वर्षी प्रकाशित झाला त्याच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षे त्यावर हक्क राहतो. म्हणजे १९१९ चा 'कालिया मर्दन' कधीच मुक्त झाला आहे, आणि १९८८ च्या चित्रपटाला २०४८ अखेरपर्यंत थांबावे लागेल. गाण्याच्या शब्दांचा आणि संगीताचा हिशेब वेगळा आहे. तिथे कर्त्याच्या मृत्यूनंतरची साठ वर्षे मोजतात. त्यामुळे चित्रपट मुक्त, पण त्यातले गाणे मुक्त नाही, असेही घडू शकते.

कलम ५२ खाली स्वतःच्या खाजगी वापरासाठी, अभ्यासासाठी आणि टीका किंवा समीक्षेसाठी वाजवी वापराची सवलत आहे. विडंबनाचे नाव घेऊन स्वतंत्र सवलत कायद्यात लिहिलेली नाही. ते टीकेत बसते की नाही, हे त्या त्या प्रकरणात ठरते. कलम ५७ सुद्धा ध्यानात ठेवावे. कृतीची मोडतोड होऊन आपल्या लौकिकाला बाधा येत असेल तर कर्ता हक्क विकल्यानंतरही हरकत घेऊ शकतो. चार चिन्हांच्या खेळाला मात्र मी निर्धास्तपणे होकार देईन, कारण कल्पनेवर हक्क नसतो, मांडणीवर असतो, आणि आपण काढलेले लिंबू हे आपलेच लिंबू असते.

दूरदेशी
मी कॅनडातून लिहिते. आम्ही चार घरे मिळून निव्वळ आवाजांतून गोष्ट सांगण्याचा उद्योग केला. बोलणे वापरायचे नाही, फक्त आवाज एकापुढे एक लावायचे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादकात काम सोपे आहे. मी आईच्या जुन्या कॅसेटवरून आकाशवाणीची सकाळची संकेतधून घेतली. वॉल्टर कॉफमन यांची म्हणून ओळखली जाणारी ती धून ऐकताच आमच्या पिढीचे डोळे भरून आले. पुढे स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज, कडी उघडल्याचा आवाज आणि बादलीत पडणारी नळाची धार. मुलांनी ऐकले आणि विचारले, "या माणसाच्या घरात काय बिघडले आहे?" त्यांनी स्टोव्हचा पंप कधी ऐकलाच नव्हता, त्यांना तो कोणीतरी सायकलमध्ये हवा भरत असल्याचा वाटला, आणि बादलीची धार म्हणजे गळका नळ. म्हणजे माझी प्रसन्न सकाळ त्यांच्या कानांनी नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाची गोष्ट झाली. आम्ही ती तशीच ठेवली आणि शेवटी दार आपटल्याचा आवाज जोडला.

रेघोट्या
दूरदेशी, तो नळवाला येथे ऐकवावा, ही विनंती.

शाळामास्तर
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मागच्या आठवड्यात आठवीच्या वर्गाला चार चिन्हांचा खेळ दिला. संगणक एकच आहे, म्हणून मुलांनी खडूने फळ्यावर काढले, मी मोबाइलने फोटो घेतले आणि पडद्यावर दाखवले. बहुतेकांनी गाजलेल्या चित्रपटांतल्या मोटारसायकली आणि बंदुका काढल्या. त्या एकमेकींसारख्या दिसत होत्या, त्यामुळे कोणालाच काही ओळखता आले नाही, आणि वर्गात बराच आरडाओरडा झाला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा सहसा बोलत नाही. त्याने पहिल्या घरात काळी चिमणी काढली, दुसऱ्यात जीन्सची पँट, तिसऱ्यात डुक्कर. चौथ्या घराशी तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने फळ्यावरच्या चारही चौकटी पुसून त्या सबंध जागेत एकच मोठा दगड काढला. मी म्हटले, अरे, नियम चार घरांचा आहे. तो म्हणाला, "सर, तो आपल्याकडे येतोय, म्हणून मोठा."

दगडाचा फोटो माझ्याकडे आहे. पहिल्या तीन चिन्हांचा फोटो मी घेतला नव्हता, आणि ती त्यानेच पुसली.

शंकेखोर
'फँड्री'. मास्तर, त्याला नियम मोडल्याचे गुण द्यावेत.

माझे चारही चौकोन तीन दिवसांपासून कोरे आहेत. 'पिंजरा' घेतला आहे, आणि पिंजरा काढायचा नाही अशी अट मीच स्वतःवर घातली आहे. घुंगरू, खडू आणि पुतळा ठरले. त्या चित्रपटातल्या मास्तरांचा स्वतःच्याच खुनाबद्दलचा खटला एका चिन्हात कसा बसवायचा, हे कोणी सुचवेल काय?